नासिफ पाळकाचं कफन

हेल्मीच्या कुदळीचा घाव वगीहच्या कानाच्या वर बसला होता. त्याला बैलगाडीतून माझ्या दवाखान्यात आणलं तेव्हा तो गेलेलाच होता, तरी त्याचा चुलतभाऊ फायक मला सांगत राहिला, "सकीनाबाई, टाके घाला. लवकर घाला." टाके घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी जखम धुतली आणि आईला निदान तोंड बघता यावं म्हणून डोकं पट्टीनं घट्ट बांधलं. तेवढ्यात वगीहचा धाकटा भाऊ नासिफ आला. तो आमच्या नजलत हनीन गावातल्या लहानशा चर्चचा पाळक. भावाच्या पायाशी उभा राहून त्यानं प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं, आणि एकदम अडखळून माझ्याकडे बघत म्हणाला, "याच्या एका पायातला जोडा कुठे गेला?"

मी मुसलमान. गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझा जन्म गेला. दवाखान्याची मागची भिंत आणि चर्चची भिंत एकच, त्यामुळे रविवारी मलम लावता लावता नासिफची सगळी प्रवचनं माझ्या कानावर पडायची. पोरगा आमच्यासमोर वाढलेला. बाप लवकर गेला, मग वगीहनं ऊस तोडून घर ओढलं आणि धाकट्याला कैरोला पाळकांच्या शाळेत शिकायला धाडलं. तो परत आला तेव्हा दाढी नीट फुटली नव्हती, पण बोलायला लागला की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. फार गोड बोलायचा. मला कधी कधी जरा जास्तच गोड वाटायचं. वगीह मागच्या बाकावर मान टाकून घोरत असायचा आणि बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर सांगायचा, "आमच्या पाळकाच्या प्रवचनासारखी झोप मला गादीवरसुद्धा लागत नाही." नासिफ हसायचा. दोघांचा एकमेकांवर जीव होता.

भांडण पाण्याच्या पाळीवरून झालं. वगीह आणि हेल्मी दोघांचे उसाचे फड शेजारी, दोघं एकाच चर्चमधले, लहानपणी एकाच कालव्यात पोहायला शिकलेले. त्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी कमी आलं. आपली पाळी संपली तरी वगीहनं पाणी आत घेणारं बारं बंद केलं नाही, असं हेल्मीचं म्हणणं. वगीहची जीभ तिखट. तो हेल्मीच्या बापाबद्दल, म्हाताऱ्या तादरुसबद्दल, काहीतरी बोलला. हेल्मीनं त्याला ढकललं, वगीहनं पंपाचं लोखंडी हँडल उचलून त्याच्या खांद्यावर हाणलं, आणि हेल्मीच्या हातात कुदळ होती. सगळं पाचोळा पेटावा तसं झालं. हेल्मी तिथूनच उसात शिरला आणि दिसेनासा झाला.

नासिफनंच भावाचा दफनविधी केला. आवाज कापला नाही. पण घरी आल्यावर त्याच्या आईनं, कौकबनं, तोंडाला चिखल फासला आणि दार आतून लावून घेतलं. दारापुढे खुर्च्या मांडल्या नाहीत, कॉफी उकळली नाही. आमच्या सईद भागात, म्हणजे दक्षिण इजिप्तमध्ये, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. ज्या घरातलं रक्त सांडलं आहे ते घर बदला घेईपर्यंत कुणाचं सांत्वन स्वीकारत नाही. यात मुसलमान आणि ख्रिस्ती असा काही फरक नाही.

पोलीस आले, उसात थोडं हिंडले, तादरुसला ठाण्यात नेऊन बसवलं आणि सोडून दिलं. मग फायक गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन कौकबच्या घरी गेला आणि ती त्यानं जेवणाच्या चौरंगावर भाकरीशेजारी ठेवली. मी त्या वेळी कौकबचा रक्तदाब बघायला गेले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"चर्चमध्ये तू पाळक असशील," फायक म्हणाला. "इथे तू वगीहचा भाऊ आहेस. बाकी मी शिकवतो."

नासिफनं बंदुकीकडे पाहिलंही नाही. कायदा आहे, न्यायालय आहे, आणि आपण ज्याचं नाव घेतो त्यानं आपल्याला दुसरं शिकवलं आहे, असं तो शांतपणे समजावू लागला. कौकब ऐकत होती. मग ती उठली, डोक्यावरची काळी ओढणी काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली.

"हे घे," ती म्हणाली. "डोक्यावरून घे नीट. माझ्याशेजारी बस आणि रड. तुझ्या भावानं तळहात सोलून तुला बोलायला शिकवलं, ते माझ्याशीच बोलायला का रे?"

ते कापड त्यानं घडी घालून तिच्या मांडीवर ठेवलं. त्याचे कान लालभडक झाले होते.

पुढच्या रविवारी त्यानं क्षमेवर प्रवचन केलं. भिंतीपलीकडून मला वाटलं, इतकं छान तो कधी बोलला नव्हता. चर्च मात्र अर्धं रिकामं होतं. तादरुसच्या घरचं कुणी आलं नाही, कौकब आली नाही, आणि जे आले त्यांच्यातले काही मध्येच उठून गेले. बाजारात त्याच्या पाठीमागून पोरंटोरं ‘पाळकीणबाई’ म्हणायला लागली. मला त्यानं पुढे एकदा सांगितलं, "सकीनाबाई, तेव्हा मला खरंच वाटत होतं, मी हेल्मीला क्षमा केली आहे. खरं म्हणजे हेल्मी मला भेटलाच नव्हता."

फायक थांबणाऱ्यांतला नव्हता. तादरुसचा भाऊ गिरणीवरून पीठ घेऊन येत असताना त्यानं आडोशानं छऱ्याची बंदूक झाडली. गाढव जागीच मेलं, आणि त्या माणसाच्या कुल्ल्यातून मी छरे काढत बसले. तो दात खाऊन पडला होता, एकदाही ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "गाढवानं काय केलं होतं?" त्यानंतर दोन दिवसांत कौकबचा उभा ऊस पेटला. वारा होता. कांड्या बंदुकीच्या बारासारख्या फुटत होत्या, उंदीर आणि कोल्हे पेटत्या अंगानं रस्त्यावर येत होते, आणि सगळ्या गावाला जळक्या काकवीचा वास सुटला होता. बायका बादल्या घेऊन धावल्या. तादरुसच्या घरचं कुणी बाहेर आलं नाही.

आग विझल्यावर दुपारी नासिफ एकटाच फडाकडे गेला. काय उरलं ते बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. जळालेल्या शेताच्या कडेला, शेजारच्या उभ्या उसातून खोकल्याचा आवाज आला. आणि हेल्मी बाहेर आला. धुरानं त्याला बाहेर काढलं होतं. अंगातली पायघोळ गलाबिया फाटलेली, ओठ सुजलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय. इतके दिवस तो कालव्याचं पाणी आणि कच्चा ऊस यांवर जगला होता. नासिफला बघून तो पळाला नाही. उलट त्याच्याकडेच चालत आला.

"मला ठाण्यात घेऊन चल," तो म्हणाला. "तू बरोबर असलास तर कुणी गोळी घालणार नाही. तुझ्यावर माझा भरवसा आहे."

नासिफ म्हणाला, चल. दोघं चालू लागले. थोडं अंतर गेल्यावर हेल्मी खोकत खोकत म्हणाला, "देव साक्ष आहे नासिफ, आधी हात वगीहनं उचलला."

ते खरं होतं, आणि नासिफलाही ते माहीत होतं. त्यानं वळून हेल्मीच्या तोंडावर ठोसा मारला. हेल्मी खाली पडला तसा तो त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला. आधी मुठींनी, मग हाताला लागलेल्या अर्धवट जळक्या उसाच्या दांडक्यानं, ते तुटलं तेव्हा तुटक्या टोकानं. हेल्मीनं हातांनी तोंड झाकलं, तर त्यानं ते हात बाजूला ओढून मारलं. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, काहीही न गाळता. "मी एक शब्द बोललो नाही," तो म्हणाला. "जन्मभर माझ्याकडे शब्द होते. तेव्हा एकही नव्हता. आणि बरं वाटत होतं, सकीनाबाई. तहानलेल्याला पाणी मिळावं तसं." हेल्मीचे हात आपोआप बाजूला पडले आणि तोंड झाकायला परत वर आले नाहीत, तेव्हा कुठे तो थांबला.

मग त्याला खांद्यावर टाकून तो माझ्याकडे आला. जबडा मोडला होता. डावा डोळा फुटला होता, तो काही केल्या वाचणार नव्हता. मी विचारलं, हे कुणी केलं? तो म्हणाला, "मी." मी दुसऱ्यांदा विचारलं, कारण मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हेल्मीला मिन्याच्या मोठ्या इस्पितळात पोलीस पहाऱ्यात नेलं. तिथे त्यानं लिहून दिलं की तो अंधारात पंपावर पडला. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, हिशेब मिटला.

गावाला काय घडलं ते संध्याकाळच्या आत कळलं. फायकनं गच्चीवरून हवेत बार काढले. कौकबनं दार उघडलं, तोंड धुतलं आणि मुलाला समोर बसवलं. मी आयोडीन लावलेली त्याची सोललेली बोटं तिनं दोन्ही हातांत धरून एकेक करून ओठांना लावली. त्या रात्री तिनं कबुतरं भरून रांधली. वगीह गेल्यापासून त्या घरात चूल अशी पेटली नव्हती. नासिफनं घास तोंडात घेतला आणि अंगणात जाऊन ओकला.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जे त्याच्या नावानं बोटं मोडत होते ते त्याचा हात हातात घेऊन सोडत नव्हते. एका म्हाताऱ्यानं तर त्याच्या पाठीवर थाप मारली, "आता शोभलास बघ." मी दवाखान्याची खिडकी उघडी ठेवली. मग नासिफ बोलला, आणि त्या दिवशी त्याच्या बोलण्यात गोडवा अजिबात नव्हता.

"मी तुम्हाला इतकी वर्षं देवाबद्दल सांगतोय," तो म्हणाला. "तुम्ही माझ्यावर असे कधीच खूश झाला नव्हतात. मी एका माणसाचा डोळा फोडला. तो माझ्या भरवशावर चालत होता. मला या जागेवरून काढा. आणि शुक्रवारी मी तादरुसच्या दारी कफन घेऊन जाणार आहे."

आत गलका झाला. होणारच. आमच्याकडे खून करणारा आपलं कफन दोन्ही हातांवर घेऊन, अनवाणी, उघड्या डोक्यानं मृताच्या दारी जातो. हा मी, हे माझं कफन, मारा नाहीतर सोडा, असा त्याचा अर्थ. ज्याचा भाऊ मेला त्यानं मारणाऱ्याच्या दारी कफन घेऊन जायचं, हे कुणी ऐकलंही नव्हतं. चर्चचे वडीलधारे त्याला समजावायला गेले. गावचा पाटील, ज्याला आम्ही उमदा म्हणतो, तोही गेला. मीसुद्धा गेले. मी त्याला म्हटलं, पोरा, तुझा देव तुझं मन ओळखतो ना, मग गावाला तमाशा कशाला? तो म्हणाला, "गावासमोरच मला शाबासकी मिळाली, बाई."

कौकब एवढंच म्हणाली, "ते कापड घेऊन तू त्या उंबऱ्यावर गेलास तर मला दोन्ही मुलं मेली."

शुक्रवारी दुपारची नमाज सुटल्यावर तो निघाला. गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसं, गच्च्यांवर बायका. कुणी शिवी दिली नाही, कुणी काही फेकलं नाही. पांढरं कापड त्याच्या हातांवर होतं आणि तो खाली बघून चालत होता. तादरुसच्या दारापासून हाकेच्या अंतरावर असताना गिरणीच्या गच्चीवरून बंदूक वाजली. नासिफ गुडघ्यावर बसल्यासारखा झाला आणि आडवा पडला. गोळी मांडीत घुसली होती. वर फायक होता. स्वतःचा चुलतभाऊ. त्याला नुसतं थांबवायचं होतं की ठारच मारायचं होतं, ते त्यालाच ठाऊक. त्याच दिवशी तो गाव सोडून गेला, आणि आता म्हणे लिबियात आहे.

माणसं पांगली. नासिफ धुळीत पडून होता आणि रक्त भसाभसा जात होतं. पिशवी आणायला मी दवाखान्याकडे धावले. परत आले तेव्हा तो रस्त्यावर नव्हता. तादरुसचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यावरून आत रक्ताचा पट्टा गेला होता. हेल्मीच्या आईनं, शफीकानं, त्याला काखेत हात घालून एकटीनं ओढत आत घेतलं होतं. त्याच्याच कफनाची घडी करून ती दोन्ही हातांनी मांडीवर दाबून बसली होती, आणि कापड पार भिजलं होतं. म्हातारा तादरुस भिंतीला टेकून उभा होता.

"याला बाहेर काढ," तो म्हणत होता. "हा इथे मेला तर आपल्या माथी येईल."

"माझ्या पोराचा डोळा यानं फोडला," शफीका मान वर न करता म्हणाली. "हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण दारात मरायला कुत्रंसुद्धा मी सोडत नाही. तू पाणी आण."

तादरुस पाणी आणायला वळला तेव्हा नासिफनं त्याच्या गलाबियाचं टोक धरलं. ओठ पांढरे पडले होते, तरी तो बोलला. "तादरुसकाका, तुमचा मुलगा माझ्या भरवशावर होता. मी त्याला बांधलेल्या जनावरासारखं मारलं. आता तुम्ही काय करायचं ते करा." तादरुसनं टोक सोडवून घेतलं नाही. तो तिथेच खाली बसला.

मी फुटलेली शीर शोधत होते. शफीकाच्या हातांना पेटके यायला लागले होते आणि दाब जरा सैल झाला की सगळं रक्तानं भरून यायचं. तेवढ्यात कौकब दारात आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की नासिफ मेला. डोक्यावर कापड नाही, पायात काही नाही. त्या घराच्या उंबऱ्यावर ती एक क्षण थांबली. मला विचार करायला वेळ नव्हता. मी ओरडले, "उभी काय राहिलीस, इथे दाब." ती आली, खाली बसली आणि शफीकाच्या हातांवर आपले हात ठेवून तिनं सगळं वजन टाकलं. मी टाके घालेपर्यंत त्या दोघी तशाच होत्या, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ.

नासिफ जगला. पाय कायमचा आखूड राहिला. स्वतः ठाण्यात जाऊन त्यानं हेल्मीला मारल्याचा जबाब दिला. न्यायाधीशानं शिक्षा स्थगित ठेवली, पण चर्चच्या मंडळानं त्याला वर्षभर प्रवचन करू दिलं नाही. ते वर्ष त्यानं लंगडत लंगडत वगीहचा जळालेला फड पुन्हा उभा करण्यात घालवलं. हेल्मीला सक्तमजुरी झाली. उमद्यानं दोन्ही घरांत समेट घडवून आणला, आणि थंडी पडायला लागल्यावर कौकबनं एकदाच्या दारापुढे खुर्च्या मांडून वगीहचं सांत्वन स्वीकारलं. तादरुस आला, एका टोकाला बसला, कडू कॉफी प्यायला आणि उठून गेला. शफीका आली नाही. मी कौकबला विचारलं, माफ केलंस का? ती म्हणाली, "माफ कसलं करते? थकले."

नासिफ हेल्मीला भेटायला तुरुंगात जायचा. पहिल्या काही वेळा हेल्मीनं भेटच नाकारली. मग एकदा तो जाळीपलीकडे येऊन बसला आणि म्हणाला, "प्रार्थना करणार असशील तर आत्ताच जा." नासिफ म्हणाला, नाही करणार. आणलेल्या भाकरी आणि काकवी त्यानं पहारेकऱ्यामार्फत आत दिली. मग ते उसाबद्दल बोलले. कोणत्या बाजूला उंदीर जास्त लागतात, नव्या बेण्याला पाणी किती. निघताना हेल्मी म्हणाला की झोपेत त्याला अजून कुदळीचा आवाज येतो. नासिफ म्हणाला, मला उसाच्या दांडक्याचा येतो. त्यानंतर भेट कधी नाकारली गेली नाही, पण दोघं मित्र झाले असं मी म्हणणार नाही.

वर्ष संपल्यावर तो पुन्हा चर्चमध्ये बोलू लागला. लोक कुरकुरतात, पूर्वीसारखं रंगत नाही म्हणतात. वाक्याच्या मध्येच तो थांबतो, शब्द शोधतो, कधी कधी तसाच खाली बसतो. एका दुपारी पायाला शेक द्यायला आला असताना मी त्याला सरळ विचारलं, इतकं झाल्यावर विश्वास उरलाय का रे?

तो पाय चोळत राहिला. मग म्हणाला, "आधी मी धरून चाललो होतो की देव माझ्या पाठीशी उभा आहे. त्या फडात तो कुणीकडे होता याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, तो खाली होता. हेल्मीच्या बाजूला. माझे फटके त्यालाही लागले असतील." तो पुढे म्हणाला, "आणि बाई, राग अजून येतो. गेल्या महिन्यात लग्नात कुणीतरी वगीहची नक्कल केली, तेव्हा माझ्या मुठी आवळल्या गेल्या. मी उठून बाहेर गेलो आणि त्या उघडेपर्यंत एकटाच उभा राहिलो."

आता आजूबाजूच्या गावांत रक्त सांडलं की लोक त्याला बोलावतात, मुसलमानसुद्धा. तो जातो. माफ करा असं सांगत नाही म्हणे. मारून आल्यावर आई कशी बोटं ओठांना लावते, आणि मग घास का उतरत नाही, तेवढंच सांगतो. काही ठिकाणी ऐकतात. गेल्या हंगामात एका ठिकाणी ऐकलं नाही, आणि तो परत आला तेव्हा त्याच्या गलाबियावर दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त होतं. मी ती भिजत घातली, आणि तो माझ्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपून गेला.